पगारी पेशंट

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (सध्या आडवा पडूनच लिहितोय, त्यामुळे वेगळा घालत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला आणि राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. या पत्रात पुढे माझा पाय मोडेल, शुद्धही हरपेल, पण घाबरू नकोस, तो माझा धंदा आहे.

झालं असं, की मी निघालो होतो दुसरीकडेच (कुठे ते आता आठवत नाही) आणि उन्हाचा जरा एका दवाखान्याच्या पायरीवर टेकलो. तिथल्या मोठ्या नर्सबाई बाहेर आल्या, मला नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, "काही काम करता, की नुसतेच उंच आहात?" म्हटलं, नुसताच. तर म्हणाल्या, "मग आत येऊन झोपा." आत्या, इतक्या आपुलकीने मला घरीसुद्धा कुणी झोप म्हटलेलं नाही.

भानगड अशी, की परदेशातली एक मोठी संस्था या दवाखान्याला पैसे पाठवते, पण ते फक्त शिकवण्यासाठी. घरोघर औषधं देणाऱ्या, बाळंतपणं करणाऱ्या अकराजणी इथे आहेत. त्यांना कामाचा पगार नाही. शिबिराला बसल्या की त्या दिवसाचा भत्ता मिळतो. म्हणून नर्सबाई जमेल तितकी शिबिरं भरवतात. हात कसे धुवावेत हे या एका वर्षातच नऊ वेळा शिकवून झालंय. आणि सरावाला पेशंट लागतो, त्यालाही भत्ता असतो; तो मी. चार महिने मी इथेच पडून आहे. एकाच गावात चार महिने! आतोबांना सांग, पण आधी खुर्चीवर बसव.

पण भत्त्यावर घर किती दिवस चालणार? बाळंतपणात सगळ्यांत तरबेज असलेल्या अक्काने सांगून टाकलं, की पुढच्या महिनाअखेरीस मी शिलाईच्या कारखान्यात चालले, तिथे निदान दरमहा पगार आहे. ती गेली की बाकीच्याही जाणार आणि दवाखान्याला कुलूप लागणार, हे नर्सबाईंना दिसत होतं. अशातच संस्थेच्या एक बाई पाहणीला आल्या. नर्सबाईंनी मला बजावलं, "तुमचा पाय मोडलाय, शुद्ध हरपलीय. जीभसुद्धा बेशुद्ध ठेवायची."

मी डोळे मिटून पडलो. अकराजणींनी पायाला लाकडी पट्ट्या बांधायला घेतल्या, तोच हातगाडीवर घालून बाळंतपणात अडलेली एक बाई कुणीतरी आणली. सगळ्या मला तिथेच टाकून पळाल्या. खोलीत उरलो मी आणि त्या पाहुण्या बाई (आणि घड्याळ, पण ते बंद आहे). त्यांनी वाट पाहिली. मीही बेशुद्धीत वाट पाहिली. शेवटी त्या स्वतःशीच म्हणाल्या, "गेल्या कुठे सगळ्या?" आता समोर प्रश्न पडलाय आणि उत्तर आपल्याला येतंय, असं शाळेत माझ्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. राहवेना.

"कामाला गेल्या," मी म्हटलं.

बाई दचकल्या. "मग इथे काय चाललं होतं?"

"हा भत्ता. न मोडलेला पाय बांधला की पैसे मिळतात. ती बाई खरी आहे, तिचे कुणी देत नाही."

बाई दाराशी जाऊन पलीकडे डोकावत राहिल्या. मग पलीकडून बाळ रडलं, आणि अक्का दारात येऊन माझ्यावर खेकसली, "अजून बेशुद्धच का रे तू? ऊठ, पाणी तापव!" मी पट्ट्यांसकट लंगडत गेलो. पातेल्याची दुसरी बाजू पाहुण्या बाईंनी धरली.

दीड महिन्याने, अक्काने गाठोडं बांधलेलं असतानाच, संस्थेचं पत्र आलं. अकराहीजणींना दोन वर्षं दरमहा पगार! अक्काने ते तीनदा वाचून घेतलं, आणि मग गाठोडं सोडता सोडता माझ्यावरच ओरडत राहिली. शिबिरं मात्र या शनिवारपासून बंद. म्हणजे माझी नोकरी माझ्याच जिभेने खाल्ली. पण मजेत आहे.

तुझा भाचा

ता. क. : संस्थेच्या पत्रात एक बारावी जागाही निघाली आहे, स्ट्रेचर उचलणाऱ्याची. आधी शिकवणार, मग पगार. शिकून पळून जाणारे फार, म्हणून अट एकच: हा मुलगा एका जागी टिकतो, असं घरच्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी पत्र हवं.

ता. क. २ : असं लिहिणं तुला जड जाईल याची मला कल्पना आहे. म्हणून ते मीच लिहून सोबत ठेवलंय, तू फक्त सही कर. मधल्या दोन ओळींत मला भरपूर नावं ठेवली आहेत, म्हणजे तुझंच वाटेल.