दोन भावांची विहीर

११ ऑगस्ट
पाण्याचे नमुने घ्यायला मारेगावकडे गेले. बंजाऱ्यांचा तांडा रस्त्यापासून आत, चिखलात जीप अडकली. उरलेलं पायी.
तक्रार अशी: विहिरीतले मासे मरून वर आले, मग बळीरामची शेळी तेच पाणी पिऊन तडफडून मेली. विहीर दोन भावांची, सामाईक. बळीराम राठोड थोरला, रुपसिंग धाकटा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडण, बोलणं बंद.
मी बाटल्या काढायच्या आत बळीराम म्हणतो, "मॅडम, तपासाचं काही कामच नाही. यानंच औषध टाकलं. मले माहीत हाये."
रुपसिंग तिथंच लिंबाखाली उभा. एक शब्द बोलला नाही. आपल्यावर असा आळ आल्यावर माणूस ओरडेल, शिव्या देईल. हा नुसता चपलेनं माती उकरत होता. खटकलं.
पाणी दिसायला स्वच्छ. वास मात्र कुबट. फवारणीच्या औषधाचा उग्र वास ओळखीचा आहे, हा तो नाही.

१३ ऑगस्ट
आमच्या लॅबमध्ये खारेपणा, फ्लोराइड, नायट्रेट एवढंच तपासून होतं. ते सगळं ठीक. औषधाची तपासणी इथे होत नाही, नमुने नागपूरला पाठवायचे. पाठवायचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं. इतक्या वर्षांत प्रथमच.
वर म्हणाले, "शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी आधीच जिल्हा रोज पेपरात येऊन राहिला. दिल्लीचे लोक कॅमेरे घेऊन फिरून राहिले. त्यात आता तुमची विहीर नको. फवारणीचं पाणी उतरलं असेल, तेवढं लिहा."
तेवढं लिहायला नमुने कशाला लागतात?

२ सप्टेंबर
नागपूरहून उत्तर आलं. काही आढळलं नाही.
माझं नाक खोटं बोलत नाही. नमुने कसे पाठवले ते विचारत फिरले. प्लास्टिकच्या कॅनमधून. आणि ते कॅन आधी बरेच दिवस व्हरांड्यात पडून होते, उन्हात. असलं औषध प्लास्टिकला चिकटून बसतं, काचेची बाटली लागते, बर्फ लागतो. साहेब एमएस्सी आहेत. त्यांना हे माहीत नाही?
चूक असेल. किंवा

४ सप्टेंबर
परत तांड्यावर. स्वच्छ रिपोर्ट माझ्याआधी पोचला होता आणि रुपसिंगच्या मानेवर बसला होता. बळीरामचं म्हणणं: "आता पानी साफ निंगालं ना? म्हंजे जमिनीत काई नाही. तेवढ्यापुरतंच कोनीतरी टाकलं होतं." कोणी, ते सांगायची गरज नव्हती. सगळे रुपसिंगच्या घराकडे बघत होते. नसाब बसणार म्हणाले, म्हणजे त्यांची पंचायत.
रुपसिंगची बायको जमनाबाई माझ्या मागे विहिरीपर्यंत आली. "मॅडम, आमी बी हेच पानी पेतो. आपल्या लेकरायच्या पान्यात कोन औषध टाकते? तुमीच सांगा."
मी म्हटलं, तुमचा नवरा बोलत का नाही?
"भाऊ हाये थो त्याचा. काय बोलन?"
काचेच्या बाटल्या नेल्या होत्या. या विहिरीचं पाणी घेतलं. टेकाडाच्या वरच्या विहिरीचं घेतलं. मधल्या उतारावर एक पडकं गोदाम आहे, त्याच्या आवारातल्या विहिरीचंही घेतलं. गोदाम शेतकऱ्यांना बी-औषधं विकणाऱ्या एका जुन्या सोसायटीचं. ती केव्हाच बुडाली.

५ सप्टेंबर
तब्येतीचं कारण सांगून रजा. एसटीनं नागपूर. बाटल्या बर्फात, बर्फाचा डबा मांडीवर, कळंबच्या पुढे मांडी बधिर. शेजारची बाई म्हणे, मासे आहेत का? म्हटलं, हो.

१९ सप्टेंबर
सापडलं. दोन्ही विहिरींत. गोदामाच्या विहिरीत जास्त, तांड्याच्या विहिरीत कमी, टेकाडावरच्या विहिरीत अजिबात नाही. म्हणजे गोदामापासून खाली उतरत आलंय.
आणि औषध कोणतं? ती जुनी पांढरी पावडर. मी लहान असताना कपाशीवर धुरळायचे ती. बंदी येऊनही आता वर्षं झाली. कुठल्याच दुकानात मिळत नाही. मग रुपसिंगनं आणली कुठून?
साहेबांना कागद दिला. वाचायच्या आधीच, "तुम्हाला नागपूरला जायला कोणी सांगितलं होतं?"
रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबांना कशाचंही कुतूहल. एसटीला गर्दी होती का, नागपुरात काय खाल्लं, सगळं विचारतात. विहिरीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. भात तसाच ठेवून उठले.
बाबा त्याच सोसायटीत होते. गोडाऊन कीपर. मला हे आठवायला जेवण संपावं लागलं.

२२ सप्टेंबर
सहज विचारल्यासारखं विचारलं. बाबा, तुमच्या वेळी जुना झालेला माल कुठे जायचा?
"परत. कंपनीकडे." लगेच आलं उत्तर. पेपरातून डोकं वर न काढता.
संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. गुडघा दुखतो म्हणतात. देवळाच्या पायऱ्या परवा चढले होते.

२८ सप्टेंबर
रस्त्यावरच्या एसटीडीवरून जमनाबाईचा फोन. नसाब बसली. रुपसिंगच्या घरी कोणी जायचं नाही, त्यानं कोणाकडे जायचं नाही. पोरीची सोयरीक उमरखेडकडे ठरत होती, ते लोक आता येत नाहीत. रडत नव्हती. नुसतं सांगत होती.
दुपारी गेले. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याच्या ओट्यावर बसून रिपोर्ट समजावला. हे औषध बाजारात नाही, ते जमिनीतून येतंय, गोदामाकडून. सगळ्यांनी नीट ऐकलं. शेवटी बळीराम: "जुनं ठेवलं असन ना त्यानं घरात."
माना हलल्या. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. जमिनीतून काढून दाखवल्याशिवाय कोणी मानणार नाही.

१ ऑक्टोबर
साहेब: "गोदामाची जागा कोर्टात आहे. खोदता येत नाही." कोणत्या कोर्टात? "बघावं लागेल."

६ ऑक्टोबर
बातमी पेपरात. आतल्या पानावर, पण ठसठशीत. साहेबांना वाटतं मी दिली. मी नाही दिली. जमनाबाईला विचारलं तर म्हणे, "पेपरवाला आलता, त्यानं इचारलं, मी काहून लपवू?"
गोदामाची जागा खोदा, असं वरून पत्र आलं. कोर्टाचं काही निघालं नाही. साहेब एकदम गोड.

८ ऑक्टोबर
पुण्याहून दादाचा फोन. "सुधा, बाबांना या वयात कशाला छळतेस? त्यांचं नाव कुठेही यायला नको."
मी दादाला काहीच सांगितलेलं नाही. बाबांना फोन लावता येत नाही. म्हणजे शेजारी जाऊन लावून घेतला.

१० ऑक्टोबर
सकाळीच, दाढी व्हायच्या आत विचारलं. सरळ.
बराच वेळ वस्तरा पुसत राहिले. मग म्हणाले, "मुदत संपलेला माल होता. तपासणी येणार होती. वरून सांगितलं, पुरा. मी पुरून घेतला. तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं."
कुठे?
"गोदामाच्या मागे. वजनकाट्याजवळ."
किती होता?
"आठवत नाही."
माझे दहावीचे विषयवार मार्क बाबांना अजून पाठ आहेत.
पण सांगितलं तरी. मला वाटत होतं, सांगणार नाहीत. रागही धड येत नाही.

२३ ऑक्टोबर
बाबांना घेऊन गेले. मी म्हटलं नव्हतं, स्वतःहूनच स्वेटर घालून तयार झाले.
काठीनं जागा दाखवली. जेसीबीचा पंजा दोनदाच आत गेला आणि वास आला. सडलेली पोती, पांढरे ढेकळांसारखे गठ्ठे, काळ्या मातीत चुन्यासारखे. पोरंटोरं पळाली. साहेबांनी नाकाला रुमाल लावून फोटो काढून घेतले, स्वतःचे.
बळीराम कडेला उभा राहून बघत राहिला. तिथून हलेना. रुपसिंग सगळ्यांच्या मागून आला, खड्ड्यात पाहिलं, मग बाबांकडे.
"हे कोन?"
माझे वडील.
"त्यायले कसं ठाऊक?"
मी म्हटलं, जुने माणूस आहेत. त्या भागात नोकरी होती.
रुपसिंगनं एवढंच केलं, मान हलवली. पण तो बघत राहिला. बाबा जीपमध्ये जाऊन बसले आणि काच वर केली.

१२ नोव्हेंबर
खड्डा अजून मोठा करावा लागला. मुरमापर्यंत सगळी माती पांढुरकी. जाड पिशव्यांत भरून, तोंडं शिवून, ट्रकवर. नागपूरकडे घातक कचऱ्याची जागा आहे, तिथे न्यायचं. कंत्राटदाराचा भरवसा नव्हता. कुठेतरी नाल्यात ओतून येईल. म्हणून ट्रकच्या मागे जीप घेऊन गेले. ड्रायव्हर धाब्यावर थांबला की मीही थांबायची. शेवटी तोच हसून म्हणाला, "मॅडम, चाय तरी घ्या."
माल पोचला. उगाच संशय घेतला. बरं वाटलं, तसं थोडं लाजल्यासारखंही.

३० नोव्हेंबर
दोन्ही विहिरी उपसल्या. उपसलेलं पाणी कोळशाच्या थरांतून सोडलं, एरवी तेच परत जमिनीत. तळाचा गाळ काढून तोही रवाना. तांड्याला टँकर चालू.
रुपसिंग गाळ काढायला आत उतरला होता. वर दोर बळीरामच्या हातात. मी दोरावरून नजर काढली नाही. दोर नीट होता.

१६ डिसेंबर
जमनाबाई सांगते, बळीराम काल त्यांच्या अंगणात येऊन बसला. "तोंड नाही उघडलं, पन चहा पेला."
आणि रुपसिंग?
"त्यानं बी पेला. दोघं बी कपाकडेच पाहून राह्यले होते."
उमरखेडच्या लोकांचा मात्र निरोप नाही. तिकडे गोष्ट आधी गेली, खुलासा मागे राहिला.

९ फेब्रुवारी
नमुने. गोदामाची विहीर: उतरलं. तांड्याची: आणखी उतरलं. अजून पिण्यासारखं नाही, पण दिशा बरोबर. बाबांना आकडे दाखवले. चष्मा लावून वाचले, परत वाचले. "म्हणजे झालं ना?" म्हणाले. मी म्हटलं, अजून वेळ लागेल.
"पण झालं ना?"
संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी फिरायला गेले.

२१ मार्च
टँकर बंद. मार्चअखेर, निधी संपला. विहिरीचं पाणी प्यायचं नाही अशी पाटी आमचीच. मग बायका पाणी आणतात कुठून? नाल्यापलीकडे हातपंप आहे, तिथून. जमनाबाई म्हणाली, "थे पानी चांगलं हाये. थंडं." त्या हातपंपाचा नमुना कधी घेतलाच नव्हता. घ्यायचं कारणच नव्हतं, तो नाल्याच्या त्या अंगाला. तिकडचा उतार वेगळा, इकडचं पाणी तिकडे जाऊच शकत नाही. तरी एक बाटली भरली. सवय.

७ एप्रिल
हातपंपात आहे.
चूक असेल म्हणून पुन्हा करायला लावलं. आहे. तीच पावडर. थोडी, पण आहे.
हातपंपाचा दांडा काढायला लावला. बायका भांडल्या. जमनाबाई भांडली नाही, त्यापेक्षा वाईट झालं. म्हणाली, "तुमीच म्हनलं होतं ना, सप्पा काढलं?" सप्पा, म्हणजे सगळं.
टँकर पुन्हा चालू करायचा अर्ज घेऊन दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर.

८ एप्रिल
बळीराम लगेच: "आता तिकडे कोनी टाकलं?" आणि बघितलं कुणाकडे, हे लिहायला नको. चहा पिऊनही.
रुपसिंग या वेळी बोलला. "दादा, तू मलेच पाह्यशीन, मले माहीत हाये." मग माझ्याकडे वळून, हळूच, "मॅडम, तुमच्या वडलायले घेऊन या ना एकडाव."
त्याला सगळं कळलंय. कधीपासून, माहीत नाही.

९ एप्रिल
साहेबांचं मत, ट्रकमधून सांडलं असेल. ट्रक नाल्यापलीकडे गेलाच नव्हता. मी मागे होते.
विहिरीतून हातपंपात झिरपलं असेल? नाही. खडक बघितलाय मी. मग फवारणी? ही पावडर आता कोणी फवारत नाही. कोणी जुनी आणून टाकली? कोण, कशाला?
सगळी कारणं काढून बघितली. जे उरतं ते मला नको आहे.

१० एप्रिल
रविवारचं जेवण झाल्यावर बाबा खाटेवर आडवे, डोळे मिटलेले, झोपलेले नाहीत. मी समोर स्टूल ओढून बसले. दुसरा खड्डा होता का, असं विचारायचं ठरवून बसले होते. तोंडातून निघालं वेगळंच.
"बाबा, दुसरा खड्डा नाल्यापलीकडे नेमका कुठे?"
डोळे उघडले. माझ्याकडे नाही, छताकडे.
"तुला कोणी सांगितलं?"
मला कोणीच सांगितलं नव्हतं.