वॉकरवरचा कोष

१२ सप्टें.
आईंनी वॉकर गॅलरीत ठेवायला लावला. "माज्या डोळ्यांफुडे नको तो." लिंबाच्या कुंडीला टेकवून ठेवलाय. खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले, सासूबाईंची मजल अजून बाथरूमपर्यंत, तीही माझ्या खांद्यावर.
लिंबावरचे सुरवंट गलेलठ्ठ झालेत. आधी पक्ष्याच्या शिटेसारखे दिसायचे, आता हिरवेगार. काडी लावली की नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडतात. तिघांतला एक गायब.

१४ सप्टें.
सापडला. वॉकरच्या मुठीखाली! कमरेला रेशमाचा धागा, खांबावरच्या वायरमनसारखा मागे रेलून. दुपारपर्यंत कातडी टाकून कोष. झाडावर हिरवा करतात, काळ्या मुठीशेजारी याने तपकिरी केलाय. आईंना फोटो दाखवला. चुकलंच.

१५ सप्टें.
फिजिओची रेश्मा आली. आई गॅलरीतल्या वॉकरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थय पोर निजलाहा. तेका हलवू नको." रेश्मा हसली. मला हसू येईना. आता चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टर बजावून गेलेत.

१७ सप्टें.
शेजारच्या काकूंचा जुना वॉकर मागून आणला. आईंनी भिंतीकडे तोंड केलं. चहा देताना हळूच म्हणाल्या, "परत पडलंय तर गो?"
म्हणजे कोषाचा पुळका नव्हताच. बाथरूममध्ये पडल्या तेव्हा तासभर एकट्या होत्या, मी ऑफिसात. पाय चेपत बसले. काकूंचा वॉकर परत दिला.

२३ सप्टें.
कोष काळा पडलाय. आतल्या पंखांचे पांढरे ठिपके दिसतात. आईंचं दर तासाला "हय हाड," इकडे आण म्हणून. म्हटलं, हलवला तर पंख वाकडे होतील. खरं तर जपून आणता आला असता.

२४ सप्टें.
साडेसातला कोष फाटला. मी हाक मारली, आत धावले. आई माझा दंड धरून नऊ पावलं आल्या, बोलता बोलता. दारात खुर्ची दिली. कॉमन मॉर्मन, मादी, लाल ठिपक्यांची. ओल्या शेपट्या चुरगळलेल्या. म्हटलं, ही दुसऱ्या एका विषारी फुलपाखराचं सोंग घेते, पक्षी लांब राहतात. स्वतः अगदी गरीब. तुमच्यासारखी. खूप दिवसांनी हसल्या. इतकं बरं वाटलं.
पावणेदहाला उडाली. आईंनी वळून पलंगाकडे पाहिलं आणि चेहरा उतरला. "आता परत कशी जावू गो?"
वॉकर हाताशी ठेवला. चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात आले. चहा उकळून दहा मिनिटं झाली, गाळलेला नाही. ओट्याशी उभी राहून हे लिहितेय.
आत्ता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी अजून गेलेले नाही.