बैठक, गुरुवारी चार ते सहा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज रुजू झाले. साताऱ्याचा छापखाना बंद पडल्यापासून आठ महिने घरी बसून जीव विटला होता, म्हणून ताईने बडोद्याला बोलावून घेतलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण सुहासिनी. तीस वर्षं इथल्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झाली, गोत्रीला सोसायटीत एकटीच राहते.

नोकरी गोत्रीच्या पुढे, सोनापुऱ्याच्या नगरपालिकेत. गाव लहान, पण मराठी घरं पुष्कळ, सगळी गायकवाडी फौजेतल्या लोकांची. नगराध्यक्ष जयवंतराव दर आठवड्याला गावाला पत्र काढतात: पाणी कधी येणार, सभा काय झाली, कोणाकडे काय आहे. पत्र ते गुजरातीत सांगतात, कोमल ते टाइप करते, आणि मराठी घरांसाठी मी त्याचं मराठी करायचं. शिवाय चिटणीस म्हणून सभेचं इतिवृत्तही माझ्याच गळ्यात. केबिनला खिडकी आहे, चहा दोनदा येतो. कितीतरी दिवसांनी आज बरं वाटलं.

मंगळवार, ७ जानेवारी

पहिलं पत्र गेलं. जयवंतराव स्टुलावर पाय टाकून, डोळे मिटून सांगत होते. टाकी धुणार, शुक्रवारी पाणी नाही. उतरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, चिनी मांजा वापरू नये. भाजीबाजारातली गटार झाली. आणि शेवटी, उदयसिंहरावनुं बेसणुं, गंगाबाईनुं बेसणुं, गुरुवारे चार थी छ.

माझं गुजराती म्हणजे आनंदच, पण बेसवुं म्हणजे बसणं एवढं मलाही कळतं. मी लिहिलं: उदयसिंहराव, गंगाबाई – बैठक, गुरुवारी ४ ते ६. जागा सांगितली नव्हती. बैठक आणखी कुठे होणार, म्हणून 'सभागृहात' हा शब्द मीच पदरचा घातला. ताई पत्र तपासून द्यायला तयार होती, पण मी दिलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोण वही तपासून घेईल?

जयवंतरावांनी न वाचताच सही केली. चालशे, म्हणाले. अकरा वर्षं हेच पत्र काढतोय, कोणी वाचत नाही, असंही म्हणाले.

गुरुवार, ९ जानेवारी

सभागृहात दोघंच आली होती. मफलर गुंडाळलेले एक आजोबा आणि मांडीवर कापडी पिशवी घेतलेली एक बाई, पुढच्या खुर्च्यांवर. आजोबांनी नावं सांगितली, उदयसिंहराव आणि गंगाबाई, नोटीस वाचून आलो म्हणाले. एकही नगरसेवक फिरकला नाही, मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी पाणी दिलं. आजोबांनी विचारलं, कोरम किती. सात, मी सांगितलं. मग थांबतो म्हणाले. सहाला मी कुलूप आणायला गेले, तेवढ्यात गेले असावेत. पेले भरलेलेच होते.

गुरुवार, १६ जानेवारी

उतरायणच्या दोन दिवसांच्या सुट्टीने अंग आंबलंय. ताईने उंधियू केला होता, गच्चीवर ऊन खात बसलो होतो. यंदा थंडी फार, ताई खोकते.

सोमवारच्या पत्रात आणखी दोन बैठका होत्या, शरच्चंद्र आणि चिमणाबाई. आज सभागृहात चौघं. मागचे दोघं त्याच खुर्च्यांवर, त्याच कपड्यांत. वक्तशीर मंडळी. या गावात लोकांना सभेचं एवढं पडलंय आणि निवडून दिलेल्यांना काही नाही. कोरम नाही म्हणून तहकूब, असं इतिवृत्तात लिहिलं. पाणी कोणीच प्यायलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

या आठवड्याच्या पत्रातल्या बैठकीचे नवे दोघं धरून सहा जण. आपसात बोलत नाहीत. बाहेर एवढं ऊन, पण आत शाल घेऊन बसावं लागलं. मी कोमलला म्हटलं, तुमच्या उदयसिंहरावांची कमाल आहे, तिसऱ्यांदा आले. तिने टायपिंग थांबवलं. मग म्हणाली, मजाक मत करो दीदी.

शुक्रवार, २४ जानेवारी

रात्री झोप नाही म्हणून सकाळी ताईपुढे तिन्ही पत्रं ठेवली. तिने लाल पेन काढलं. आधी हसली, खोकला येईस्तोवर हसली. मग म्हणाली, अगं वेडे, बेसणं म्हणजे माणूस गेल्यावर लोक भेटायला येतात ते. फोटोला हार घालतात, पांढऱ्या कपड्यांत येऊन दोन मिनिटं बसतात, हात जोडून जातात. ते त्या त्या घरीच असतं, म्हणून जागा कोणी सांगत नाही. तू मेलेल्यांना मीटिंगला बोलावलंस की गं. तीन ठिकाणी 'बैठक' खोडून 'बेसणं' लिहिलं आणि प्रत्येक पत्राखाली, शाळेत करायची तशी, सही केली: तपासले, सुहासिनी.

ऑफिसात जुनी वर्तमानपत्रं काढली. उदयसिंहरावांचा फोटो मिळाला. मफलर तोच.

सोमवार, २७ जानेवारी

जयवंतरावांना सगळं सांगितलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. डोळे चोळत म्हणाले, अकरा वर्षांत माझ्या सभेला सहा माणसं कधी आली नाहीत. मग फाइल बघितल्यासारखं सांगितलं की कोरम नसलेली सभा तहकूब राहते, पुन्हा त्याच वारी, त्याच वेळेला भरते. उद्याच्या पत्रात रद्द म्हणून टाका, बघू.

मला नोकरी सोडता आली असती. सोडून जाऊ कुठे?

गुरुवार, ३० जानेवारी

सहाही आले. आजोबांच्या हातात मंगळवारचं पत्र होतं. म्हणाले, रद्द करायला ठराव लागतो, ठरावाला कोरम लागतो. बरोबरच आहे, नियम तसाच आहे. मग गंगाबाई पहिल्यांदा बोलल्या. सातवा नाही मिळाला, तर पुढच्या गुरुवारी चिटणीसाला धरू –

मला, म्हणजे. मला धरणार.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज मी काय केलं ते इथे तरी खरं लिहिते. सकाळपासून विचारत हिंडले, गावात कोणी गेलंय का, कोणी गंभीर आहे का. कोमल रडवेली झाली. कोणी गेलेलं नाही. थंडी ओसरली.

तरी पत्रात लिहिलं: श्रीमती/श्री. .......... बैठक, गुरुवारी ४ ते ६, सभागृहात. जाणूनबुजून 'बैठक'. नाव कोरं. या आठवड्यात जो कोणी जाईल त्याने यावं, मला सोडवावं. माझी मला किळस आली. जयवंतरावांनी कोऱ्या जागेकडे पाहिलं आणि सही केली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पत्रं वाटली. अजून कोणी नाही. ताई म्हणते चेहरा उतरलाय, दूध पी. पर्स तिच्या समोरच टाकली आणि पडले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ताई

खुर्चीतच. चहा पुढ्यात, लाल पेन हातात. मांडीवर माझं पत्र. पर्समधून काढलं असणार. मी झोपले म्हणून तपासायला घेतलं –

जागा कोरी होती ना. सही तिथेच केली. टिंबांवर. श्रीमती – सुहासिनी. 'बैठक' खोडायला पेन टेकवलं होतं. नुसता ठिपका आहे. खोडायचं राहिलं.

मी मागितलं होतं. कोणीतरी जावं, म्हणून मागितलं होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. साडेतीन

घरी बेसणं आहे. चार ते सहा. सोसायटीतल्या बायकांनी फोटोला हार घातला. मी मागच्या जिन्याने उतरले. रिक्षाने आले. ताईला मी बोलावलंय, मी नको का तिथे?

चार वाजून पाच

आली. पांढरी साडी, चष्मा. सातवी खुर्ची. खोकत नाही.

ताई, म्हटलं. मान हलवली, वर्गात हलवायची तशी.

कोरम पूर्ण. आजोबांनी विषय घेतला. सभा रद्द, ताईचं अनुमोदन, सर्वानुमते मंजूर. संपलं. त्यांनी उठायला हवं आता. कोणी उठत नाही –

इतिवृत्त सहीला मागतायत. इथेच लिहिते, दुसरा कागद नाही. उपस्थित: उदयसिंहराव, गंगाबाई, शरच्चंद्र, चिमणाबाई, ते दोघं, सुहासिनी. एकूण सात.

ताईने वही ओढून घेतली. वाचतेय. पेन काढलं.

म्हणते, चूक आहे. चिटणीस हजर आहे, नाव राहिलं. तपासून घेत नाहीस कधी. लिही. हात धरलाय तिने, गार आहे, सोडत ना

आठ. चिटणीस, शला