मशीनला आडनाव कळत नाही

३ नोव्हेंबर

घडले ते एवढेच:
१. सेवाग्राम रोडवर पुंडलिकरावांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. त्यांच्यासाठी मी ऑनलाइन अर्ज बनवला. भाडेकरू आता मशीन निवडते.
२. आडनावाचा रकाना ठेवला नाही. जातीचा प्रश्न तिथेच मिटला.
३. माझा वर्गमित्र अश्वजित नर्स आहे. पंधरा तारखेला त्याला क्वार्टर सोडायचे आहे, सोबत आजारी आई. मी सांगितले, अर्ज कर, खोली तुझीच.
४. मशीनने त्याला नाकारले.

अर्ज घाईत भरला असणार.

५ नोव्हेंबर

पुन्हा भरायला लावला. पुन्हा नकार. अश्वजित म्हणाला, आडनाव नाई विचारत म्हणतं, मंग आईचं माहेर काऊन विचारतं? तो रकाना पुंडलिकरावांच्या पत्नी देवकाबाईंनी सुचवला होता. नव्या भाडेकरूला चहा देताना त्या हेच विचारतात, मामा कोणत्या गावचे. मला ती आपुलकी वाटली. तसे सांगितले. तो हसला. हसण्यासारखे काही नव्हते.

८ नोव्हेंबर

रकाना काढला. इंजिनिअरने अहंकार ठेवू नये. त्याचा स्कोअर शंभरात ३१ होता, आता ३३. सुधारणा आहे. पुंडलिकरावांनी आजवर कोणाला खोली दिली, कोणाला नाही, त्यावरून मशीन शिकले. आता ते जुन्या पत्त्यातला वॉर्ड पाहते. डेटा कोणाचा शत्रू नसतो.

१० नोव्हेंबर, सकाळ

पुंडलिकरावांना आज स्पष्ट सुनावणार.

संध्याकाळ

सुनावले. ते खूश आहेत. म्हणे, पोरी, पह्यले तोंडावर नाई म्हणा लागे, कसंतरी वाटे. आता मशीन म्हणते, मी काऊन वाईट होऊ? आतून देवकाबाई म्हणाल्या, अन् नकाराचा मेसेज तर हिच्याच नावानं जाते! दोघेही खूप हसले.

मेसेजखाली ‘रक्षा, तांत्रिक प्रमुख’ असते, हे खरे. ते पद मीच घातले होते. चहा पिऊन परत आले.

१३ नोव्हेंबर

अश्वजितने तक्रार केली. तीत पुंडलिकरावांचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिले माझे. फोन करून म्हटले, मागे घे. म्हणाला, मशीनले विचारून सांगतो, मॅडम.

मी रागावलेली नाही.

१४ नोव्हेंबर

त्याला पाठवायचा मजकूर, अंतिम:

अश्वजित, उद्या क्वार्टर सोडतो आहेस, याची कल्पना आहे. मी फक्त सिस्टीम बनवली. निर्णय तिचा आहे. तक्रारीतून माझे नाव वगळावे. पुढील पत्रव्यवहारासाठी नवा पत्ता द्यावा. सोमवार, १७ नोव्हेंबरपर्यंत लेखी उत्तर द्यावे.