ताऱ्याचे कवच, पिठावरचे पाऊल

खोडद, रवि. १० नोव्हेंबर २००२

जो स्वतः दिसत नाही आणि ज्याच्यामुळे सर्व दिसते, त्या कृपाळूच्या चरणी मस्तक ठेवून लिहावयास बसलो. खरे लिहिण्याचे बळ त्याने द्यावे.

सकाळी नंदिनीबाई आल्या. इथल्या रेडिओ-दुर्बिणीवर संशोधन करतात. रविवारी माझ्याकडे संस्कृत शिकतात. आज पाठ झाला नाही. त्यांनी एक चित्र आणले होते : स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्याचे अवशेष, आमच्या शिवारातल्या तबकड्यांनी टिपलेले. मला ते फुटक्या कंकणासारखे वाटले. एका अंगास जाड, तेजस्वी. दुसऱ्या अंगास पुसट होत होत उघडे पडलेले.

"तारा जाऊन शेकडो वर्षं झाली, गुरुजी. कवच अजून धावतं आहे."

सौ. तेव्हा अंगणाच्या भिंतीवर पाखरांना कण्या टाकीत होती. तिला भिंत आता हाताने चाचपावी लागते.

मंगळ. १२ नोव्हें.

जुन्नरला नेत्रवैद्याकडे. सौ.ला काचबिंदू. शस्त्रक्रिया पुण्यास, सोमवारी २५ ला दाखल व्हावे, मुक्काम आठ दिवस. लांबविल्यास गेलेली दृष्टी परत येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

परतताना एस.टी.त सौ. म्हणाली, "म्या न्हाई यायची. आठ दिस इसू उपाशी ऱ्हाईल."

"शेजारीण टाकील कण्या."

"दुसऱ्याच्या हातचं त्यो जित्तेपणी तरी खात व्हता का?"



गुरु. १४ नोव्हें.

दोन वर्षे जे या वहीत लिहिले नाही, ते.

आमचा विश्वनाथ, तिचा इसू, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. बत्तिसावे वर्ष.

माणूस गेला की त्या जागी पीठ पसरतात, दिवा ठेवून वर टोपली झाकतात. दहाव्या दिवशी टोपली उचलून पाहायचे. पिठावर ज्याचा ठसा, त्या योनीत जीव गेला असे मानतात. शास्त्रात याला आधार मला कोठे सापडला नाही; तरी लोकांच्या समाधानासाठी गावभर मीच पाहत आलो. विश्वनाथाच्या वेळीही टोपली मीच उचलली. पीठ सपाट होते. दाराबाहेरून सौ. विचारीत होती, "काय उमटलं वो?"

मी पिठावर तीन बोटे टेकवली. म्हणालो, "पाखराचं पाऊल."

त्या दिवसापासून कण्या. एक दिवस खंड नाही.

रवि. १७ नोव्हें.

नंदिनीबाईंनी आज त्याच ताऱ्याची दोन चित्रे आणली. एक जुने, पंधरा वर्षांपूर्वीचे, परदेशातल्या दुर्बिणीचे. खिडकीच्या उजेडात एकावर एक धरली. कड केसभर सरकलेली. पण सर्वत्र सारखी नाही. जाड बाजू जेमतेम, उघडी बाजू अधिक.

"इकडे वायूचा दाट ढग आहे. कवच त्यावर आदळलं, दबलं, म्हणून तेजाळलं. तिकडे अडवायला काहीच नव्हतं. आकार नुसता ताऱ्याचा नसतो, गुरुजी. भोवती काय होतं, तेही त्यात उमटतं."

माझी बोटे मी उपरण्यात घेतली.

"आणि मधोमध?"

"कधी ताऱ्याचा गाभा सापडतो. कधी तो धक्क्याने भलतीकडे फेकला गेलेला असतो. इथं शोधला, नाही मिळाला."

"मग काय लिहिता?"

"आढळला नाही."

इतकेच. जन्मभर सत्यावर प्रवचने केली; मला मात्र हे दोन शब्द टोपली उचलली त्या दिवशी...

शुक्र. २२ नोव्हें.

शेजारच्या दगडूच्या आईचा दहावा. टोपली उचलली. पीठ सपाट.

"काही आढळले नाही," म्हणालो. स्वतःचाच आवाज परका वाटला.

दगडूचा चेहरा उतरला. "आसं कसं, मास्तर? तुमच्या इसूचं तर लगीच पाखरू निघालं! आमच्या म्हातारीनं काय पाप केलं व्हतं?"

मागून कोणी म्हणाले, "चष्मा पुसा, राव! न्हाईतर म्हातारी लई चिकट, ठसा बी कुनाला दिला नसंल."

हशा झाला. दगडूही हसला. बायकांत बसलेली सौ. हसली नाही. माझा आवाज आला त्या दिशेला तिने तोंड वळवून ठेवले होते.

शनि. २३ नोव्हें.

सकाळपासून सौ.चा अबोला. कण्या मात्र टाकल्या.

दुपारी जवळ येऊन बसली. "इसूचं पाऊल केवढं व्हतं?"

तिने माझा उजवा हात ओढून घेतला. तीन बोटांची टोके एकेक करून चाचपली, आपल्या तळव्यावर टेकवून पाहिली.

"येवढं?"

मी बोटे मागे घेतली नाहीत. तिने बराच वेळ हात सोडला नाही.

रवि. २४ नोव्हें.

उद्या दाखल व्हावयाचे. पुण्याची गाडी आज साडेनऊची. पिशवी मी भरून ठेवली आहे. तिने पिशवीस हात लावलेला नाही, बाजूलाही सारलेली नाही.

आता सकाळचे आठ वाजले. सौ. कण्यांची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी आहे. भिंतीवर चिमण्या जमल्या आहेत. तिला त्या दिसत नाहीत, केवळ ऐकू येतात.

"आज टाकू का?" तिने विचारले. रागावून नव्हे. मी सांगेन तसेच करीन, अशा स्वरात.

वही मिटून तिच्यापाशी जातो. काय बोलेन, ठाऊक नाही.

हे ज्याच्या हाती पडेल, त्याची दृष्टी अखेरपर्यंत शाबूत राहो. आणि त्याच्या माणसांना त्याच्या तोंडून खरे ऐकण्यासाठी इतके थांबावे न लागो. सर्वांचे कल्याण असो.