तिसऱ्या रविवारची हरकत

नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. रोशन यास गुंजनताईचा प्रभूच्या नावाने सलाम व आशीर्वाद.

तुझा फोन समुद्रात पडला हे कळल्यावर आई आधी हसली, मग रडली. काल चर्चमध्ये माझ्या आणि अपूर्वच्या लग्नाची पहिली घोषणा झाली. तीन रविवार नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगा म्हणतात, तुला ठाऊकच आहे. सोळा तारखेला, तिसऱ्या वेळी, मीच उभी राहणार आहे.

लग्नाआधीच्या शिकवणीत आपल्या चर्चचे एल्डर भैय्याजी यांनी मला एकटीला बसवून विचारलं, अपूर्वबद्दल मनात वासना येते का. मी खरं सांगितलं, येते. त्याची मान, त्याचे हात आठवतात. ते म्हणाले, मनात आलं म्हणजे पाप घडलंच, आता पांढरं नेसून वेदीपुढे कशी जाशील? तेव्हापासून प्रभुभोजनाच्या भाकरीला हात पुढे होत नाही. चोवीस वर्षांची घोडी मी, अन् लहान पोरीसारखी मागच्या बाकावर लपते. आईला सांगू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

कारवार, ८ फेब्रुवारी

ताईस रोशनचा सलाम.

पत्र वाचलं अन् डोकं फिरलं. होडीच्या इंजिनाला ग्रीस लावून राहिलो होतो, कागदावर डाग दिसतील. इथे बांगडा इतका ताजा मिळतो की... जाऊ दे, ते नंतर.

मले सांग, भैय्याजीले हे विचारायचा हक्क कोणी दिला? मी मालकाच्या फोनवरून खापरखेड्याला अपूर्व भाऊजींना लावला. तुले नाही लावला, आई स्पीकरवर टाकते. शिकवणीत त्यांना काय विचारलं माहीत आहे? पॉवर हाऊसमधली नोकरी पर्मनंट आहे का, अन् क्वार्टर किती खोल्यांचं. बस! काहून, इच्छा काय फक्त पोरीच्याच मनात शोधायची? मी दहावी नापास, पण रविवारच्या शाळेत बिस्किटासाठी का होईना बसलो होतो. मनात आलं म्हणजे पाप, हे येशूनं पुरुषांना सुनावलं होतं वं. डोळा उपट म्हणाला तो बघणाऱ्याले, तेही परक्या बाईकडे. तू तर होणाऱ्या नवऱ्याकडे बघतेस! देवानं शरीर काय झोपेत बनवलं?

हरकत घ्यायचीच तर त्या शिकवणीवर घे. भाऊजींना मी काही सांगितलं नाही, तूच सांग. आईला माझा मुका.

रागात असलेला, तरी तुझाच
रोशन

नागपूर, १७ फेब्रुवारी

चि. रोशनला ताईचा सलाम.

काल उभी राहिले. आईने ओढणी ओढली, तरी राहिले. म्हटलं, मला हा पुरुष हवासा वाटतो, भैय्याजी त्याला पाप म्हणतात, तर ही हरकत धरता का ते सगळ्यांसमोर सांगा. पलीकडच्या बाकावर अपूर्व लालबुंद झाला, मग तोही उठला. म्हणाला, मलाही ही हवीशी वाटते, मला कोणी विचारलंच नाही. पाळकसाहेबांनी उपासनेचं पुस्तक चाळलं, चष्मा काढला, पुस्तकात अशी हरकत नाही म्हणाले आणि पुढच्या जोडप्याची नावं वाचायला घेतली. भैय्याजी उठून बाहेर गेले.

उपासना सुटल्यावर भैय्याजींच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, दारात माझा हात धरला. सोडेचनात. हळूच म्हणाल्या, लग्नाला चौतीस वर्षं झाली वं, नवरा जवळ आला की अजून मनातल्या मनात माफी मागते, ती मागायची नव्हती का?

रोशन, मीही त्यांचा हात सोडला नाही.

लग्नाला ये, तोवर जिवाला जप.

तुझी ताई