चोलशिवाय गेलेले बाबा

१२ नोव्हेंबर १९५७

प्रिय कांफोरीदादा,

तू, वहिनी आणि बाळ सुखरूप असाल असं धरून लिहायला बसले आहे. तुझं पत्र मिळालं. डाकारहून इथवर यायला त्याला बराच वेळ लागला, आणि उत्तराला मी त्याहून जास्त लावला. रागावू नकोस.

खाजणातला भात यंदा चांगला आहे. मधला बांध भरतीनं फुटला होता, पण खारं पाणी आत शिरायच्या आधी आपल्या धाकट्या दौदानं आणि शेजाऱ्यांनी चिखल टाकून तो बुजवला. आईचा गुडघा दुखतोच. तरी चिंबोऱ्या धरायला खारफुटीत जायचं काही सोडत नाही. मी ओरडले की म्हणते, "तुला मूल होऊ दे, मग त्याच्यावर ओरड."

तू लिहिलं आहेस, "कापणीला येतो. बाबांना सांग, चोलला ताडीनं न्हाऊ घाला, लेकाला त्याच्यासमोर ठेवायचंय." वहिनी विचारते की देवघरातल्या त्या लाकडी पक्ष्याच्या, चोलच्या, लांब चोचीला बाळ भिईल का. तिला सांग, आपल्या घरातलं कुठलंच मूल भ्यायलं नाही.

दादा, चोल नाही आता.

पावसाळ्याआधी एक धर्मोपदेशक जुने देव जाळा म्हणत गावोगाव फिरत होता, ते तुझ्याही कानावर आलं असेल. त्याच्यामागे आपलीच तरणी पोरं होती. नगारे, मुखवटे, देवघरातले दगड, झाडू, सगळं सावरीच्या झाडाखाली आणून पेटवत होती. गावाबाहेर एक व्यापारी ट्रक घेऊन थांबलेला. तो आधी बाबांकडे आला. "म्हाताऱ्या, नाहीतरी जळणारच आहे, मला दे," म्हणाला. बाबा म्हणाले, "हा आमच्या घराचा आजोबा. आजोबाला कुणी विकतं का रे? तुझ्याकडची काय रीत आहे?"

मग पोरं आली. पुढे आपलाच भाऊ होता, दौदा.

बाबा देवघराच्या दारात बसले होते. दौदा म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा."

"तुला जन्मल्यावर याच्यासमोर ठेवलं होतं," बाबा म्हणाले. "तू सरळ त्याच्या चोचीवर मुतलास. सगळे हसले. तोही रागावला नाही. आणि आज तू रागावून आलायस?"

"माझी दोन लेकरं गेली, तेव्हा कुठे होता हा?" दौदाचा आवाज फुटला. "दोघांना याच्यासमोर ठेवलं होतं ना तुम्ही? मग? गोवर आला तेव्हा काय केलं याने?"

बाबा चौकटीला धरून उठले. दादा, मी तिथेच उभी होते. तू असतास तर काय सांगितलं असतंस त्याला?

बाबा आत गेले. बराच वेळ आले नाहीत. पोरं दार मोडायला निघाली तेव्हा दौदानंच त्यांना अडवलं. बाबा बाहेर आले ते चोलला घेऊन. तेल लावून त्याला असा पुसला होता की मान लखलखत होती. नाचाच्या दिवशी घ्यायचे तसा डोक्यावर घेतला होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आता म्हातारा नाचणार!" बाबा नाचले नाहीत. सरळ चालत गेले आणि आपल्या हातांनी त्याला जाळात ठेवलं. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. चोलच्या डोक्यात खोचलेलं मंतरलेल्या औषधाचं शिंग तडतडलं, तेव्हा हसणारे मागे सरकले.

त्या दिवसापासून बाबा शेतावर गेले नाहीत. रिकाम्या देवघरापाशी बसून राहायचे. तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. बाळाचं कळल्यावर हसले. म्हणाले, "ये म्हणावं. हे बाकीचं काही लिहू नकोस. नातवाला मी बघेन, तेवढं पुरे." म्हणून मी लिहीत नव्हते. कापणीपर्यंत थांबू, तू आलास की बाबाच सांगतील, असं वाटलं होतं.

बाबांनी वाट पाहिली नाही रे. ताप आला. आईनं पाजलेला काढाही पोटात ठरेना. भाताला लोंब्या धरत होत्या तेव्हा गेले.

चोल सांभाळणारा गेला की चोलनं बाहेर येऊन नाचायचं असतं. आजोबांना बाबांनी तसंच पोचवलं होतं. आता काय बाहेर येणार? नगारेसुद्धा उरले नव्हते. बायका उखळावर मुसळं आपटून ताल धरत होत्या आणि सगळे एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात आई उठली. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हात वर करून, हवेत त्याची मान धरल्यासारखी, नाचायला लागली. त्या दुखऱ्या गुडघ्यावर, दादा. तो पक्षी चोच जमिनीला लावून गरकन फिरतो ना, तशीच फिरली. डोक्यावर काही नव्हतं, तरी तिची मान ओझ्यानं वाकत होती.

गाण्याची पुरुषांची ओळ आली. म्हणायला कुणी धजेना. मग घरामागून आवाज आला. दौदा होता. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, एकटाच म्हणत होता. आई थांबली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

अजूनही पाहत नाही. त्याचं ताट मी वाढते. तो खाली मान घालून जेवतो आणि बांधावर जातो.

तू ये. पोराला घेऊन ये. कशासमोर ठेवायचं ते मला माहीत नाही. आईच्या मांडीवर ठेव. दौदावर हात उगारू नकोस. मला जे बोलायचं होतं ते मी बोलून घेतलं आहे, आणि त्यानं कुणाचंच काही परत आलं नाही.

आईचे आशीर्वाद. आता तिचे एकटीचेच. बाळाला माझा मुका. दौदानंही निरोप सांगितला आहे, 'दादाला माझा सलाम लिही' म्हणाला, आणि नंतर 'नको, राहू दे' म्हणाला. मी लिहिला आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

बाबांची आणि तुझी,
बिन्ती